भगरीआधीचा हरभरा

इंदूकाकूंचा फोन मोठ्यानं बोलायचा, तिथंच सगळ्या भानगडीचं मूळ होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नकार. "शिवरात्र होऊ दे, मग बघू," असं म्हणता म्हणता तीन शिवरात्री उलटल्या होत्या. मग आलेला प्रत्येक निरोप फोननं त्यांना वाचून दाखवायचा, आणि तोही असा, की मंगळवेढ्यातली अर्धी गल्ली कानांत बोटं घालील.

त्या दुपारी काकूंच्या सोप्यात भजनी मंडळाच्या आठ-नऊ बायका बसल्या होत्या. परवावर महाशिवरात्र आलेली. नीलांबिका माळगे, म्हणजे आपली नीला, उपवासाच्या पिठाचा डबा घेऊन नुकती दारात उभी राहिली होती. गिरणीवाल्या अप्पा माळग्यांची ती एकुलती एक लेक, आणि इंदूकाकूंची होणारी सून. पंधरा दिवसांवर लग्न होतं. एरवी डबे ज्याचे त्यानं न्यायचे, पण विहीणबाईंचा डबा घरपोच गेला पाहिजे, असा नीलाच्या आईचा हुकूम होता.

"ये गं बाई, ये," काकू म्हणाल्या. "बघा, माझी सून कशी डबा घेऊन आली!"

डबा हातातून हातात जायचा अवकाश, फोन खणखणीत आवाजात बोलू लागला.

"नमस्कार. चक्कीसाक्षीचा निरोप. आपलं दळण, भगर, तीन किलो. आपल्या आधीचं दळण, हरभरा."

काकूंनी डबा असा खाली ठेवला, जसा काही त्यात विंचू होता.

"हरभरा?" एक बाई पुटपुटली. "उपवासाच्या दळणाच्या दिवशी गिरणीत हरभरा?"

आता ज्यांनी गिरणी फक्त बाहेरनं पाहिली आहे, त्यांना यात एवढं काय असं वाटेल. तर ऐका. दळण झालं तरी दगडांच्या फटीत मूठभर पीठ राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून बायका गिरणीत शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न विचारतात, "कुणाच्या मागं टाकताय?" ज्वारीमागं गहू चालतो, मिरचीमागं काहीच चालत नाही. आणि शिवरात्रीच्या दोन दिवस आधी अप्पा सगळी गिरणी झाडून-पुसून घेत, पहिली ओंजळभर भगर दळून ते पीठ गाईला घालत, आणि मग संध्याकाळपर्यंत फक्त उपवासाचं दळत. एकतीस वर्षांत त्या दिवशी गिरणीत गव्हाचा दाणा शिरलेला नव्हता. लोक पंढरीच्या रस्त्यावरच्या तीन गिरण्या ओलांडून अप्पांकडे येत, ते त्यांच्या शब्दासाठी.

"काकू, असं होणारच नाही," नीला म्हणाली.

"मी कुठं म्हणते झालंय म्हणून? यंत्र म्हणतंय. आणि यंत्र कुणाचं आहे? माझ्या मल्लूचं."

खरी मेख इथंच होती. चक्कीसाक्षी हे यंत्र बनवलं होतं नीलाच्या होणाऱ्या नवऱ्यानंच. मल्लिनाथ हलकुडे, पुण्यात इंजिनिअर झालेला, हुशार, सालस, आणि थोडा पुस्तकी. गेल्या महिन्यात त्यानं ते मोठ्या हौसेनं सासऱ्याच्याच गिरणीत पहिल्यांदा बसवलं होतं. येत्या सोमवारी सोलापूरच्या मोठ्या साहेबांपुढे यंत्राची परीक्षा होती. पास झालं, की जिल्ह्यातल्या गिरणी-गिरणीत साक्षी बसणार होती.

"उद्या सकाळी अकराला मी गिरणीत येते," काकू म्हणाल्या. "या सगळ्या येतील. अप्पांनी दळला असेल हरभरा तर सरळ सांगावं. पण दळून वर नाही म्हणणाऱ्या घरात मी मुलगा द्यायची नाही. शिवाची शपथ!"

*

यंत्र दिसायला अगदीच किरकोळ होतं. गिरणीला येणाऱ्या मोठ्या केबलभोवती एक काळी कडी, कडीला जोडलेली पाटीएवढी पेटी, पेटीला पडदा. बस्स. पण त्यामागचं डोकं मानलं पाहिजे. गिरणीची मोटर रिकामी फिरते तेव्हा विजेचा थोडा प्रवाह ओढते. दगडात दाणे पडले की तिला जोर लावावा लागतो, आणि ती जास्त करंट मागते. दाणा जितका टणक, तितकी मागणी जास्त. शिवाय दाणा फुटताना मोटर किंचित अडखळते, आणि ती बारीक थरथर करंटमध्ये उमटते. राजगिऱ्याची थरथर वेगळी, मक्याची वेगळी. मल्लिनाथनं हजारो दळणांची थरथर यंत्राला शिकवली होती. त्यामुळे आत काय दळलं जातंय हे डब्यात न डोकावता केबलवरनंच कळायचं. नीलाला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार आवडलं होतं. तिला स्वतःला मोटरच्या आवाजावरनं धान्य ओळखता येत असे. आपल्यासारखं कान असलेलं यंत्र करणारा माणूस, म्हणून तर तिनं होकार दिला होता.

आता तेच यंत्र घरात बसून बापाला खोटं पाडत होतं.

"मी हरभरा दळला नाही," अप्पा म्हणाले. तेवढंच. आणि ब्रश घेऊन दगड साफ करायला लागले.

"अहो, एवढंच काय सांगता?" नीलाची आई, महानंदा, कपाळाला हात लावून म्हणाली. "आधी शकूवहिनींची भगर होती, मग विहीणबाईंचा डबा, असं स्पष्ट सांगा की! डब्यात काय होतं, कसं होतं, सगळं सांगा. तुमचं काय जातं?"

"डब्यातलं मी सांगत नाही," अप्पा म्हणाले. "माझं सांगतो. मी हरभरा दळला नाही."

"बघितलंस नीला? मुलीचं लग्न मोडायची वेळ आली आणि हे तोंडाला कुलूप लावून बसलेत!"

संध्याकाळी मल्लिनाथ आला तो चोरासारखा. चहाचा कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

"मी अप्पांना खोटं म्हणत नाही," तो म्हणाला. "पण नीला, मी नोंद पुन्हा पुन्हा तपासली. अकरा वाजून दहा मिनिटांनी करंट चढलाय. भगरीला साडेआठ अँपिअर पुरतात, तिथं पावणेदहा. भगर पावणेदहा ओढतच नाही. हरभरा ओढतो."

"म्हणजे अप्पा खोटं बोलतात."

"मी असं म्हटलं का?"

"मग यंत्र खोटं बोलतंय."

मल्लिनाथचा चेहरा पडला. तीन वर्षं त्या पेटीवर घालवली होती बिचाऱ्यानं. "आकडा खोटा नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तो बदलूही शकतो, आईला सांगू शकतो की चुकून निरोप गेला. पण मग सोमवारी साहेबांपुढे कुठल्या तोंडानं उभा राहू?"

नीलाला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यामुळे आणखीनच राग आला. "चहा प्या," ती म्हणाली. "गार झालाय."

*

दुसऱ्या दिवशी नीलानंच गिरणी उघडली. अप्पा देवळात गेले होते. तिनं मोटर रिकामी सुरू केली आणि स्टुलावर बसून राहिली. मोटरचा सूर नेहमीसारखाच होता. साडेदहाच्या सुमाराला समोरच्या सोसायटीच्या आवारात विजेवरचे ट्रॅक्टर येऊन लागले. एक, दोन, चार. नांगरट कालपासूनच सुरू झालेली; सकाळची पाळी उरकून ते चार्जिंगला आलेले. ड्रायव्हरांनी जाड वायरी खोचल्या आणि चहाला गेले.

मोटरचा सूर बदलला. बाहेरच्या माणसाला कळलं नसतं, पण नीलानं मान वर केली. मोटर कण्हायला लागली होती. डोक्यावरचा दिवा किंचित पिवळा पडला होता.

भिंतीवर अप्पांचं जुनं काट्याचं व्होल्टमीटर होतं, काचेवर पिठाचा थर बसलेलं. नीलानं ओढणीनं काच पुसली. काटा तीनशे साठवर होता. पहाटे तो चारशे पंधरावर असायचा.

काल शकूवहिनींची भगर कधी टाकली होती? अकरा दहाला. ट्रॅक्टर कधी आले होते? साडेदहाला.

"अगं बाई!" नीला मोठ्यानं म्हणाली आणि फोन उचलला.

मल्लिनाथ सायकल दामटत आला.

"तुमच्या यंत्रात व्होल्टेज कुठं मोजता?" तिनं विचारलं.

"व्होल्टेज? कडीनं करंट मोजतो फक्त. व्होल्टेज मोजायचं तर वीज मंडळाची परवानगी काढून मीटरची पेटी उघडावी लागते. आणि मोजायचं कशाला? व्होल्टेज चारशे पंधराच असतं."

"कुठं?"

"प्रयोगशाळेत. पुण्यात."

नीलानं काट्याकडे बोट दाखवलं. मल्लिनाथ काट्याकडे बघत राहिला, मग खिडकीतनं ट्रॅक्टरांकडे, मग पुन्हा काट्याकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते नंतर बघू. काकू आल्या."

*

आल्या त्या एकट्या नाहीत. भजनी मंडळ पुढं, मागं गल्ली. शकूवहिनी गवळी तर तावातावानं आल्या होत्या, कारण आता त्यांच्या भगरीवरच संशय होता. "माझ्या डब्याला हरभरा म्हणतंय मेलं! मी काय शिवरात्रीला बेसनाचे लाडू करते होय?" अप्पा देवळातनं परतले आणि गर्दी बघून कोपऱ्यातल्या पोत्यावर बसले.

मल्लिनाथ पुढं झाला. नीलाला वाटलं होतं, तो चाचरेल. तो चाचरला नाही.

"आई, चूक यंत्राची आहे. म्हणजे माझी. यंत्रानं करंट आणि त्यातली थरथर बघितली, व्होल्टेज बघितलंच नाही; ते उतरलं की दोन्ही बदलतात."

"म्हणजे काय रे?"

मल्लिनाथनं फेरे, फ्लक्स आणि घसरण असं काहीतरी सुरू केलं. बायकांचे डोळे मिटायला लागले, तशी नीला मध्ये पडली.

"काकू, रांजण भरायचाय. मोठा तांब्या असला तर दहा खेपांत भरतो. तांब्या लहान मिळाला तर?"

"खेपा वाढतात."

"रांजण तोच, पाणी तेवढंच. व्होल्टेज म्हणजे तांब्या, करंट म्हणजे खेपा. दाणे तेच, काम तेवढंच. समोर ट्रॅक्टर लागले की आपल्या वाट्याला लहान तांब्या येतो, मग मोटर खेपा वाढवते. यंत्र बसलं नुसत्या खेपा मोजत. त्याला वाटलं, एवढ्या खेपा म्हणजे रांजणच मोठा असणार!"

"हात्तिच्या!" शकूवहिनी म्हणाल्या. "हे पुण्याला शिकवत नाहीत?"

"करून दाखव," इंदूकाकू म्हणाल्या. त्या अशा ऐकून सोडणाऱ्या नव्हत्या.

नीलानं सगळ्यांसमोर पायलीभर भगर टाकली. पेटीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: हरभरा. बायका खिदळल्या. मग ड्रायव्हरांना विनंती करून ट्रॅक्टरच्या वायरी काढल्या. मोटरचं कण्हणं थांबलं, काटा वर चढला, आणि त्याच डब्यातली उरलेली भगर टाकल्यावर पडद्यानं निमूट लिहिलं: भगर.

"अप्पा," इंदूकाकू म्हणाल्या, आणि पदराचं टोक चाळवू लागल्या. काल सोप्यात बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

अप्पा घाईघाईनं उठले. "झालं ना? आता ज्याच्या त्याच्या घरी जा. उपवासाची तयारी असेल."

नीलाला नवल वाटलं. माणूस निर्दोष सुटला, आणि घाबरल्यासारखा काय करतोय?

पण मल्लिनाथला आता चेव चढला होता. "थांबा! काल दिवसभराचं व्होल्टेज वीज मंडळाच्या मीटरमध्ये मिनिटामिनिटाला नोंदलेलं आहे. ते यंत्रात घातलं की कालची सगळी दळणं पुन्हा बरोबर मोजता येतील. सगळ्यांना दुरुस्त निरोप जातील."

"पाठव!" इंदूकाकू म्हणाल्या. "कालचा निरोप चार जणींनी ऐकला, आजचाही ऐकू दे. माझ्या विहिणीच्या घरावरचा डाग सगळ्यांसमोर धुतला पाहिजे." त्यांनी पिशवीतनं फोन काढून आवाज होता त्याहून मोठा केला.

मल्लिनाथ बाहेर मीटरपाशी जाऊन आकडे ओरडू लागला, आणि नीला पेटीवर ते घालू लागली. दहा पन्नास, तीनशे बासष्ट. अकरा दहा, तीनशे साठ. साडेअकराला ट्रॅक्टर निघून गेले होते, आणि वरनं उन्हात तापलेल्या गल्लीतल्या छपरांची सोलर वीज उलटी तारेत आलेली. अकरा चाळीस, चारशे चाळीस. तांब्या नेहमीपेक्षा मोठा.

पेटीनं क्षणभर विचार केला. पडद्यावर दुरुस्त यादी उलगडली, आणि नीलाचं बोट हवेतच थांबलं.

अकरा दहा, शकुंतला गवळी: भगर. ठीक.

अकरा चाळीस, इंदुमती हलकुडे. आधीचं दळण: भगर. ठीक. आपलं दळण: भगर सत्तर टक्के, ज्वारी तीस टक्के.

तिनं पुन्हा वाचलं. ज्वारीच. काल मोठ्या तांब्यामुळे खेपा कमी पडल्या होत्या, म्हणून ज्वारी भगरीसारखी दिसली होती.

आणि एकदम तिला इंदूकाकूंचं थालीपीठ आठवलं. सगळ्या मंगळवेढ्यात प्रसिद्ध. भगरीचं थालीपीठ म्हटलं की तव्यावर त्याचे चार तुकडे व्हायचेच, पण काकूंचं उपवासाचं थालीपीठ कधी फुटलं नव्हतं. बायका कृती विचारून थकल्या. काकू म्हणायच्या, "हाताचा गुण असतो, बाई." भजनी मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, त्यात या थालिपिठाचाही थोडा वाटा असावा.

नीलानं मागं वळून अप्पांकडे पाहिलं. अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पिठानं नव्हे. त्यांनी हळूच, कुणाला दिसणार नाही इतपत, मान हलवली. नको.

म्हणजे अप्पांना माहीत होतं! अकरा वर्षं काकूंचा डबा इथं येत होता, आणि डब्याचं झाकण उघडल्यावर ज्वारीचा वास ज्याला येणार नाही तो गिरणीवाला कसला. म्हणून तर काकूंचा डबा ते नेहमी सकाळच्या दळणात सगळ्यात शेवटी टाकत, आणि मागनं दगड पुसून घेत. म्हणून तर काल तोंडाला कुलूप होतं. स्वतःवर आळ घेतला, पण दुसऱ्याच्या डब्यातलं बोलले नाहीत.

"झालं का गं?" काकू फोन हातात उंच धरून म्हणाल्या. "सोड की निरोप!"

खोटं कशाला बोला, नीलाला क्षणभर मोह झाला. एक बोट दाबायचं. काल याच बाईनं आठ जणींसमोर तिच्या बापाला खोटारडा ठरवलं होतं, शिवाची शपथ घेतली होती. आता तोच फोन, तोच आवाज, त्याच बायका. अप्पांची एकतीस वर्षं त्या एका बोटात धुऊन निघाली असती. तिचं बोट खरंच खाली गेलं.

मग तिनं हात उचलला आणि भिंतीवरचा मेन स्विच खाडकन खाली ओढला.

मोटर बंद. दिवा बंद. पेटीचा पडदा काळा.

"गेली वाटतं लाइट," नीला म्हणाली.

"गेली की हो!" अप्पा जोरात म्हणाले. एवढ्या जोरात ते लग्नाच्या बैठकीतही बोलले नव्हते.

"आकडे गेले का?" बाहेरनं मल्लिनाथ ओरडला. "जतन केलेस का?"

"नाही!" नीला ओरडली. मग बायकांकडे वळून म्हणाली, "पण मी वाचलं. काकूंच्या आधी भगरच होती, शकूवहिनींची. हरभऱ्याचा दाणासुद्धा नव्हता."

शकूवहिनींनी विजयी मुद्रेनं सगळीकडे पाहिलं. बायका पांगू लागल्या. यंत्रापेक्षा माणूस बरा, असं त्या म्हणत होत्या; घरी जाऊन भगर भाजायची होती.

इंदूकाकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. मोतीबिंदू असला तरी मेन स्विच कुठल्या बाजूला आहे एवढं त्यांना दिसत होतं. त्या नीलाजवळ आल्या. तिचा हात धरला.

"अप्पांना ठाऊक होतं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"अकरा वर्षं."

"आणि काल मी एवढं बोलले, तरी..."

"अप्पा डब्यातलं कधी सांगत नाहीत, काकू."

इंदूकाकूंचे डोळे भरून आले. त्या पोत्याजवळ गेल्या, पदर डोक्यावरनं घेतला आणि वाकून अप्पांना नमस्कार करू लागल्या. अप्पा गडबडून मागं सरले, पोतं कलंडलं, भगर जमिनीवर सांडली. "अहो, विहीणबाई, हे काय? उलटं आहे हे! मी मुलीचा बाप!"

"चुकलं माझं, अप्पा. नुसत्या भगरीनं मला पित्त होतं हो. पहिल्या वर्षी मूठभर घातली. मग थालीपीठ चांगलं झालं, आणि सगळ्या नावाजायला लागल्या. मग मागं कसं फिरायचं?"

"दगड मी पुसतो ना मागनं," अप्पा म्हणाले. "काळजी कशाला करता?"

नीला हसू दाबत भगर गोळा करायला बसली. काकू तिच्या शेजारी बसल्या आणि तिच्या कानाशी लागल्या.

"किती दाखवत होतं गं?"

"तीस टक्के."

"तीस?" काकू एकदम ताठ झाल्या. आवाज चढला. "वीस! मी स्वतः मोजून घातली होती, मापानं! अजून चुकतंय याचं यंत्र!"

नेमका तेव्हाच मल्लिनाथ दारात आला, हातात आकड्यांचा कागद घेऊन, कपाळावर आठ्या. "काय चुकतंय? कुठं चुकतंय? सोमवारी परीक्षा आहे, मला सांगा तरी!"

सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं.

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.